नोव्हेंबरची लढत आणि शनिवारचा सामना

पत्र : आम्ही मूळचे कोल्हापूरचे; गेली चोवीस वर्षे इंग्लंडमध्ये, हल शहराजवळ राहतो. आमचा धाकटा मुलगा २३ वर्षांचा आहे. इथल्या फुटबॉलच्या आठव्या पातळीवरच्या एका क्लबाकडून तो बचावफळीत मध्यभागी खेळतो. करार नाही, पण आठवड्याला १६० पौंड आणि पेट्रोलचे पैसे मिळतात. आठवड्यातले चार दिवस तो एका गोदामात काम करतो. चार वर्षांपासून तो बॉक्सिंगही करतो. हौशी गटातल्या १४ लढतींपैकी ९ त्याने जिंकल्या. आता त्याचे प्रशिक्षक व्यावसायिक परवाना काढ म्हणतात, आणि एका आयोजकाने नोव्हेंबरमधल्या कार्यक्रमात चार फेऱ्यांची लढत देऊ केली आहे. अट अशी, की ४० पौंडांची १२० तिकिटे त्याने स्वतः खपवायची आणि एरवीचे ७८ किलो वजन ६९.८५ किलोवर आणायचे. क्लबाचे व्यवस्थापक म्हणतात, 'एक काय ते ठरव.' त्याची आई धड जेवत नाही. मुलगा मात्र आमच्याच शहरात ब्रिटिश विजेता झालेल्या फुटबॉलपटूचे उदाहरण देतो. माझ्या लहानपणी शाहू स्टेडियमवर तालमींच्या नावानेच संघ उतरायचे, त्यामुळे एकाच मुलाने दोन्ही करण्यात मला मुळात वावगे वाटत नाही. त्याने काय सोडावे? यात पोट भरण्यासारखे काही आहे का? मी त्याला अडवावे का? ता. क. : लढत झालीच, तर मी बघायला जावे का?
— एक वडील

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात आकडे स्पष्ट आहेत आणि भीती आडून बोलते आहे, म्हणून आधी आकड्यांकडे आणि मग भीतीकडे वळते. मी बॉक्सिंगमधली तज्ज्ञ नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. यॉर्कशायरमधल्या खालच्या लीगच्या दोन क्लबांमध्ये मिळून अकरा हंगाम मी संध्याकाळी आणि शनिवारी खेळाडूंचे घोटे बांधले आहेत, आणि त्यांतले दोघे बॉक्सिंगही करत असत. त्यामुळे मी जे सांगेन ते उपचाराच्या टेबलाजवळ उभे राहून दिसते तेवढेच आहे.

तेवीस वर्षांच्या मुलाला अडवण्याचा विचार सोडून द्या. अडवलेला मुलगा लपून सराव करतो, आणि या दोन खेळांत लपवाछपवीइतके घातक दुसरे काही नाही. त्याकडे मी पुढे येणारच आहे. काय सोडावे हे ठरवण्याआधी वर्षाच्या कोणत्या महिन्यांत काय करावे हे ठरवावे लागेल, आणि ते नीट ठरले तर सोडण्याचा प्रश्न एक-दोन वर्षांत बहुधा आपोआप सुटेल.

तुमचा मुलगा ज्यांचे उदाहरण देतो ते कर्टिस वुडहाऊस. उदाहरण खरे आहे, पण ते अर्धेच सांगितले जाते. वुडहाऊस किशोरवयापासून शेफिल्ड युनायटेडचे पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू होते. २००१ मध्ये बर्मिंगहॅम सिटीने त्यांना दहा लाख पौंड मोजून घेतले, आणि इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडूनही ते खेळले. २००६ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यांनी पूर्णवेळ फुटबॉल सोडले आणि त्याच सप्टेंबरमध्ये लंडनमध्ये पहिली व्यावसायिक लढत जिंकली. पुढच्या दोन-तीन महिन्यांतच ते पुन्हा बूट घालून पाचव्या पातळीवरच्या रशडेन अँड डायमंड्सकडून खेळू लागले. म्हणजे दोन्ही खेळ एकाच वेळी करणारा खालच्या लीगचा खेळाडू ही काही दंतकथा नाही. परंतु तारखा एकाखाली एक लिहून पाहा. इंग्लिश विजेतेपद त्यांना मिळाले २०१२ मध्ये, आणि हलच्या आइस अरीनामध्ये डॅरेन हॅमिल्टनला गुणांवर हरवून लाइट-वेल्टरवेट वजनगटाचा ब्रिटिश विजेतेपदाचा पट्टा त्यांनी कमावला तो २२ फेब्रुवारी २०१४ रोजी, तेही तीनांपैकी दोनच पंचांचा कौल मिळवून. पहिल्या लढतीपासून साडेसात वर्षे गेली होती, वय ३३ झाले होते, आणि तोवर त्यांच्या आठवड्यावर फुटबॉलची पूर्वीसारखी मालकी उरली नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये ग्लासगोला विली लिमंडकडून ते हरले. म्हणजे पट्ट्यानंतरचा आनंद जेमतेम चार महिन्यांचा.

हे मी त्यांचे यश कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. मला त्या माणसाच्या चिकाटीचे अतोनात कौतुक आहे. मुद्दा असा, की ते वरून खाली आले होते. पूर्णवेळ क्लबांमध्ये घडवलेले शरीर, रोजच्या सरावाची शिस्त आणि वर्तमानपत्रांना आधीपासून माहीत असलेले नाव, एवढी शिदोरी घेऊन ते रिंगमध्ये उतरले. तुमचा मुलगा गोदामातली पाळी संपवून उतरणार आहे. त्याच्याजवळ हौशी गटातल्या १४ लढती आहेत, ही जमेची बाजू खरी, आणि ती लहान नाही.

दुसरे उदाहरण लिऑन मॅकेंझी यांचे. नॉरिच सिटीकडून प्रीमियर लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध गोल करणारा हा आघाडीपटू पुढे खालच्या लीगमध्ये आला, आणि जून २०१३ मध्ये, ३५ वर्षांचा असताना, त्याने पहिली व्यावसायिक लढत खेळली. त्याचे वडील क्लिंटन हे ब्रिटिश आणि युरोपीय विजेते, तर काका ड्यूक तीन वजनगटांतले जागतिक विजेते. तरीही इंग्लिश विजेतेपदाची लढत तो २०१६ मध्ये हरला. आणखी एक नाव सांगते. रिओ फर्डिनांड यांनी २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, बॉक्सर होण्याचे मोठ्या गाजावाजाने जाहीर केले आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाने, म्हणजे व्यावसायिक बॉक्सिंगचा परवाना देणाऱ्या संस्थेने, त्यांना परवानाच नाकारला. नाव कितीही मोठे असले तरी ते दार सहज उघडत नाही, ही मला तरी दिलासा देणारी गोष्ट वाटते.

आता तुमच्या मुलाचा आठवडा पाहू. या पातळीवर क्लबाचा सराव बहुधा मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असतो, शनिवारी दुपारी तीनला सामना, आणि हिवाळ्यात पावसाने सामने लांबले की मंगळवारीही सामना. चार फेऱ्यांच्या पहिल्या लढतीसाठी आठ-दहा आठवड्यांची तयारी धरली, तर त्यात आठवड्याला दोन-तीनदा समोरासमोर मुष्टीसराव, रोजचे धावणे आणि उतरते वजन हे आलेच. सोमवारी डोक्यावर ठोसे, मंगळवारी डोक्याने चेंडू, बुधवारी पुन्हा ठोसे, गुरुवारी कॉर्नर किकच्या सरावात पुन्हा चेंडू, आणि शनिवारी प्रतिस्पर्ध्याच्या कोपराशी गाठ. बचावफळीत मध्यभागी खेळणारा मुलगा डोक्यानेच भाकरी कमावतो, हे तुम्ही दर शनिवारी पाहतच असाल.

इथे एक प्रसंग सांगते. एका गुरुवारी, सराव सुरू व्हायच्या आधी, आमचा एक बगलेवरचा खेळाडू बाकावर बसून डाव्या बुटाची नाडी बांधत होता. त्याने ती बांधली, सोडली, पुन्हा बांधली, आणि उजव्या बुटाकडे वळण्याऐवजी तीच नाडी तिसऱ्यांदा सोडली. सगळे एका हाताने चालले होते. दुसरा हात जॅकेटच्या खिशात. मी खिशातला हात बाहेर काढायला लावला, तेव्हा करंगळीच्या मुळाशी सांधा कुठे आहे ते दिसतच नव्हते, एवढी सूज. हात मोडलेला होता हे दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत कळले. मला काळजी होती ती बुटाच्या नाडीची, म्हणजे त्याच्या डोक्याची. सोमवारी सरावात त्याने दोन जोरदार ठोसे खाल्ले होते आणि आदल्या शनिवारी हवेत उडी मारताना त्याचे डोके दुसऱ्याच्या डोक्यावर आपटले होते. शनिवारचे जिमला माहीत नव्हते, सोमवारचे आम्हाला माहीत नव्हते. दोन्हीकडे तो 'ठीक आहे' म्हणून मोकळा झाला होता, आणि दोन्हीकडच्यांनी विश्वास ठेवला होता. त्याला आम्ही तीन आठवडे बसवले, तर पुढचा महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही.

म्हणून माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला हा : एकच वैद्यकीय वही. फुटबॉल आणि बॉक्सिंग दोन्हींकडचा प्रत्येक डोक्याचा मार, चक्कर, मळमळ, झोपमोड तारीख घालून तिच्यात लिहायची, आणि ती वही क्लबाच्या फिजिओने, जिमच्या प्रशिक्षकाने आणि कुटुंबाच्या डॉक्टरने पाहायची, अशी लेखी संमती मुलाने तिघांनाही द्यायची. हौशी आणि तळागाळाच्या खेळांसाठी ब्रिटनमध्ये २०२३ साली आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मेंदूला धक्का बसल्याचा संशय आला, तरी खेळाडूने निदान २१ दिवस सामन्यात परतायचे नसते. हे २१ दिवस फुटबॉलमध्ये पाळायचे आणि त्याच काळात जिममध्ये 'फक्त हलका सराव' करायचा, ही पळवाट मी डोळ्यांनी पाहिली आहे. वही असेल तर ती बंद होते.

फुटबॉललाही या बाबतीत निर्दोष समजू नका. स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंवरचा ग्लासगो विद्यापीठाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट आढळले, आणि २०२१ च्या पुढच्या निष्कर्षांत हा धोका सर्वाधिक दिसला तो बचावपटूंमध्ये. ते खेळाडू जुन्या पिढीतले होते, हे खरे. तरी त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सरावात जोराने येणारे चेंडू डोक्याने मारण्यावर आठवड्याला दहाची मर्यादा सुचवली गेली, ती उगाच नाही. तुमचा मुलगा बॉक्सिंगचा धोका कोऱ्या पाटीवर घेणार नसून आधीच्या धोक्यावर रचणार आहे, हे त्याला या शब्दांत कोणीतरी सांगायला हवे.

तालमीविषयी तुम्ही लिहिलेत ते वाचून मला बरे वाटले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे आधी तालमींची आणि मग फुटबॉल संघांची, हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला पटवून द्यावे लागते. परंतु तुलना एका ठिकाणी तुटते. लाल मातीत पाठ लागली की कुस्ती संपते, आणि डोक्यावर मारून प्रतिस्पर्ध्याला बेशुद्ध पाडणे हा कुस्तीतला डाव नाही. बॉक्सिंगमध्ये तोच सर्वांत स्वच्छ विजय समजला जातो. आईला जेवण जात नाही ते याच फरकामुळे, आणि तिची भीती अडाणीपणाची नाही. २१ सप्टेंबर १९९१ रोजी टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेन या फुटबॉलच्याच मैदानावर ख्रिस युबँकविरुद्धच्या लढतीत मायकल वॉटसन यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. योग्य उपचार रिंगजवळ वेळेवर मिळाले नाहीत, आणि पुढे न्यायालयांनी त्याची जबाबदारी बोर्डावर टाकली. आज परवानाधारक लढतीला डॉक्टर आणि रुग्णवाहिका असल्याशिवाय घंटा वाजत नाही, परवान्यासाठी मेंदूचे स्कॅन, डोळ्यांची तपासणी आणि रक्ततपासण्या द्याव्या लागतात, त्यामागे अशा घटना आहेत. त्यामुळे मुलाला लढायचेच असेल, तर बोर्डाच्या परवान्याखालीच लढू द्या. 'परवान्याला वेळ लागेल, तोवर आमच्याकडे एक लढत खेळ' असे म्हणणारा कोणी भेटला, की तिथून उठून यायचे.

पोट भरण्याचे म्हणाल, तर आयोजकाचा प्रस्ताव कागदावर मांडू. ४० पौंडांची १२० तिकिटे म्हणजे ४८०० पौंड. हा आकडा ऐकून घरात सगळ्यांचे डोळे चमकले असतील, पण ही त्याची कमाई नव्हे. छोट्या सभागृहांतल्या कार्यक्रमांत घरच्या कोपऱ्यातला खेळाडू तिकिटे विकतो, आणि त्या विक्रीतूनच समोरच्या कोपऱ्यातल्या पाहुण्याचे मानधन निघते. समजा, विक्रीतला अर्धा हिस्सा मुलाचा ठरला, म्हणजे २४००. त्यातून प्रतिस्पर्ध्याचे साधारण १२०० गेले, तर उरले १२००. व्यवस्थापकाचा हिस्सा पंचवीस टक्क्यांपर्यंत असू शकतो, म्हणजे ३००. प्रशिक्षकाचे रूढ दहा टक्के, म्हणजे १२०. हातात ७८०. दहा आठवड्यांच्या तयारीला भागले तर आठवड्याला ७८ पौंड, आणि वैद्यकीय तपासण्या, परवाना, हातमोजे, तोंडातले संरक्षक यांचा खर्च अजून वजा व्हायचा आहे. क्लबाचे १६० पौंड याच्या दुपटीहून अधिक आहेत, शिवाय पेट्रोल. माझे हिस्से अंदाजाचे आहेत. म्हणूनच आयोजकाकडून हे सर्व आकडे लेखी मागा. तिकिटे खपली नाहीत तर तूट कोण भरणार, हे त्या कागदात पहिल्या ओळीत हवे.

समोरच्या कोपऱ्यातला पाहुणा कोण असतो, हेही समजून घ्या. बर्मिंगहॅमच्या पीटर बकली यांनी २००८ मध्ये निवृत्त होईपर्यंत ३०० लढती खेळल्या आणि त्यांतल्या २५६ हरले. हे अपयश म्हणून सांगत नाही. उभरत्या मुलांना चार-सहा फेऱ्या खेळवायच्या, स्वतःला फार लागू द्यायचे नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दुसऱ्या गावी उभे राहायचे, हा त्यांचा पेशा होता आणि त्यात ते वाकबगार होते. तुमच्या मुलाची पहिली लढत अशाच कोणा अनुभवी माणसाशी होईल. तीत जिंकल्यावर त्याला आपण तयार झालो असे वाटेल, आणि तो अंदाज घाईचा असेल.

तिकिटांविषयी अजून एक बारीक गोष्ट, जी आयोजक सांगणार नाही. पहिल्या लढतीची १२० तिकिटे खपतील. निम्मी क्लबाचे सहकारी आणि शनिवारचे प्रेक्षक घेतील, उरलेली गोदामातले मित्र आणि नातेवाईक. दुसऱ्या लढतीला सत्तर खपतील. तिसऱ्या वेळी लोक त्याचा फोन उचलायला टाळाटाळ करतील, कारण ४० पौंड दर तीन महिन्यांनी मोजणे सामान्य माणसाला जड जाते. त्यामुळे क्लब हीच त्याची बाजारपेठ आहे. व्यवस्थापकांशी भांडून तो बाहेर पडला, तर फक्त १६० पौंड जाणार नाहीत, तिकीट घेणारे साठ लोकही जातील. खालच्या लीगमधला फुटबॉलपटू बॉक्सिंगच्या आयोजकांना हवासा वाटतो तो प्रामुख्याने याच कारणाने. ठोशाची ताकद ते नंतर पाहतात.

वजनाविषयी मी फार लिहिणार नाही, कारण इथे माझे मत ठाम आहे. ७८ किलोचा, गोदामात ओझी उचलणारा आणि शनिवारी नव्वद मिनिटे धावणारा मुलगा हंगामाच्या मध्यात ६९.८५ किलोवर आणणे मला मान्य नाही. शेवटचे दोन-तीन किलो पाणी तोडूनच उतरतात. असे सुकवलेले शरीर मार सोसायला कमी पडते, आणि त्याच सुमारास एखादा सामना आला तर मांडीचा मागचा स्नायू हमखास दगा देतो. सुपर-मिडलवेटची मर्यादा ७६.२० किलो आहे, मिडलवेटची ७२.५७. पहिली लढत ७६ च्या आसपास व्हावी; मिडलवेटचा विचार फुटबॉल बंद असलेल्या महिन्यांत, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करता येईल. प्रशिक्षक म्हणतील की वरच्या गटात समोरचे मुलगे मोठे असतात. असतात, पण चार फेऱ्यांच्या पहिल्या लढतीत प्रतिस्पर्धी निवडता येतो.

तेव्हा मी सुचवते तो क्रम असा. नोव्हेंबरची लढत नाकारावी. या हंगामात, एप्रिलअखेरपर्यंत, त्याने फुटबॉल खेळावे, आणि जिममध्ये तंत्र, पिशवी, दोरी, पॅड असा ज्यात डोक्याला मार नाही तोच सराव करावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परवान्यासाठी अर्ज करावा. बोर्डाची विभागीय समिती उमेदवाराला समोर बोलावते, त्याचा कस पाहते, आणि तेवढ्यात तपासण्याही होतात. तपासणीत काही निघालेच, तर ते हंगाम हातात असताना कळेल. शेवटचा सामना झाल्यावर दोन आठवडे पूर्ण विश्रांती, मग मुष्टीसराव, आणि पहिली लढत जुलैच्या अखेरीस. क्लबाचा हंगामपूर्व सराव त्याचा बुडेल, म्हणून ऑगस्टमध्ये तो राखीव बाकावरून सुरुवात करील. हे व्यवस्थापकांना आत्ताच सांगून ठेवावे. करार नसलेला खेळाडू कायद्याच्या दृष्टीने बराच मोकळा असतो, तरीही क्लबाची परवानगी लेखी घ्या आणि क्लबाचा विमा बॉक्सिंगमधल्या दुखापतीनंतरही लागू राहतो का ते विचारा. 'एक काय ते ठरव' असे म्हणणारा व्यवस्थापक बहुधा नोव्हेंबरला घाबरलेला असतो. जुलै म्हटले की तो बोलायला तयार होतो, असा माझा अनुभव आहे.

अशा दोन उन्हाळ्यांत दोन-तीन लढती झाल्या, की चित्र उघड होईल. तो खरोखर चांगला असेल, तर सहा फेऱ्यांच्या लढती हिवाळ्यातही येऊ लागतील आणि फुटबॉल एखाद्या खालच्या क्लबाच्या शनिवारपुरते उरेल. तसे नसेल, तर त्याच्याजवळ २५ व्या वर्षी क्लब शाबूत असेल, बचावपटूची सर्वांत चांगली वर्षे पुढे असतील, आणि आपण प्रयत्नच केला नाही ही रुखरुख नसेल. गोदामातली नोकरी मात्र दोन्ही परिस्थितींत सोडू नये. जमल्यास क्लबाच्या मदतीने प्रशिक्षकाचा पहिला परवाना त्याने याच काळात काढून ठेवावा. वुडहाऊसदेखील पुढे खालच्या लीगमधल्या क्लबांचे व्यवस्थापक झाले, आणि त्या कामाला पायांची नव्हे तर कागदपत्रांची गरज लागते.

मुलाशी बोलताना हे पत्र त्याच्या हातात देऊ नका. बाईने लांबून दिलेला सल्ला म्हणून तो बाजूला पडेल. त्याऐवजी एका संध्याकाळी त्याच्याबरोबर जिममध्ये जाऊन बसा. प्रशिक्षक सरावात मुलांना किती मारू देतात, दमलेल्या मुलाला थांबवतात की डिवचतात, आणि 'डोके कसे आहे' हा प्रश्न कोणी विचारते का, एवढ्या तीनच गोष्टी पाहा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर परवान्याआधी जिम बदलावी लागेल. आईला तिथे नेण्याची सक्ती करू नका. तिला तपासण्यांचे अहवाल दाखवा. स्कॅनचा कागद पाहिल्यावर कदाचित तिचे दोन घास अधिक जातील.

राहिला ताजा कलम. लढतीला जा, पण त्याआधी वजनाला जा. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होते, आणि तिथे वडिलांनी यावे असे कोणाला सुचत नाही. काट्यावरून उतरल्यावर त्याचा चेहरा पाहा, ओठ पाहा, तो तुमच्याशी एक वाक्य सरळ बोलतो का ते पाहा. चोवीस तासांपूर्वीचा तो चेहरा तुम्हाला ओळखीचा वाटला नाही, तर प्रशिक्षकांना बाजूला घेऊन तिथेच सांगा. लढत रद्द करण्याची वेळ असते ती हीच. चेहरा ओळखीचा असेल, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेऐवजी चौथ्या-पाचव्या रांगेत बसा, आणि चार फेऱ्यांच्या लढतीत गुण रिंगमधले पंच एकटेच देतात, तेव्हा त्यांच्यावर ओरडू नका.